धरणाचं पंचांग

भंडारदऱ्याला कधी जावं, असं विचारलं की ज्याला त्याला एकच उत्तर सुचतं: पावसाळ्यात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. डोंगरातलं तळं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेला काठ येतो, त्यावर बाकडी, समोर होड्या. भंडारदऱ्याचा काठ असा एका जागी थांबत नाही. ऑगस्टमध्ये जिथे बोट लागते, तिथे मे महिन्यात गुरं चरत असतात. कारण हे हौसेचं तळं नाही, कामाचं आहे. ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे पेपरातल्या भाषेत ११ टीएमसी पाणी इथे दर पावसाळ्यात साठतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्रवरेतून, कालव्यांतून खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत उतरतं. पाहुणे येतात ते या येण्या-जाण्याच्या मधल्या वेळात. म्हणून इथली सुट्टी ठरवताना हॉटेलांचे फोटो पाहण्याआधी धरणात पाणी किती आहे ते पाहावं. पावसाळ्यात नगर-नाशिकच्या पेपरांत तो आकडा रोज छापून येतो.

आधी थोडं भिंतीविषयी. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये संपलं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं आणि जलाशयाला आर्थर लेक म्हणू लागले. ही नावं पर्यटकांच्या तोंडी आहेत. गावात कुणाला विचाराल तर ते ‘धरण’ एवढंच म्हणतील. दगडी चिरेबंदी भिंत २७० फूट उंच आहे आणि त्या काळी देशात तिच्याइतकं उंच धरण नव्हतं. १९६९ मध्ये भिंतीला तडे दिसले, गळती वाढली, तेव्हा मागच्या बाजूने भक्कम आधारभिंती बांधून ती सावरली गेली. खालच्या बागेतून वर पाहिलं तर भिंतीला टेकून उभे असलेले ते आधार ओळखू येतात. लोक त्यांच्यापुढे सेल्फी काढतात, पण ते तिथे का आहेत हे फारसं कुणी विचारत नाही.

धरणाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, तेव्हा आपणही तिथूनच सुरू करू.

मेअखेर ते जूनचा मध्य या पंधरा-वीस दिवसांत साठा तळाला असतो, डोंगर तपकिरी असतात, आणि तरीही धरणालगतच्या शेंडी गावात खोली मिळत नाही. कारण काजवे. पहिल्या वळवाच्या सरी पडून गेल्या की मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मुतखेल, रतनवाडी या पट्ट्यात रात्री झाडंच्या झाडं उजळतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकत्र लुकलुकतात. काही झाडांवर तर एका तालात, जणू कुणी खटका उघड-बंद करतंय. त्यांच्या पोटाखालच्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश पडतो, आणि उष्णता जवळपास नाहीच. चमकण्याचा हेतू साधा आहे: नर माद्यांना साद घालत असतात. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन जातं. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडेच दिवस, आणि त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची.

एवढं कळलं की काजवे कसे पाहावेत हे वेगळं सांगावं लागत नाही. गाडीचे हेडलाइट थेट झाडावर मारले तर नराची खूण मादीला दिसत नाही. मोबाइलच्या टॉर्चनेही तेच होतं. त्याहून वाईट म्हणजे झाडाखाली गवतात शिरणं, कारण अनेक जातींत मादी खालीच, गवतात-झुडपांत बसलेली असते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखातं प्रवेशशुल्क घेतं, वेळेची मर्यादा घालतं, तरी शनिवारी रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि कुठल्या तरी गाडीत गाणी चालू असतातच. माझं मत सरळ आहे: काजव्यांसाठी शनिवार-रविवारी जाऊच नये. मंगळवारी-बुधवारी जावं, अमावास्येच्या मागेपुढे जावं, गावातला एक वाटाड्या सोबत घ्यावा आणि रस्त्यावरूनच पाहावं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात; ती दिली की फ्लॅशची आठवणही होत नाही. मोसमी पाऊस जोराने लागला की दोन-चार दिवसांत हा खेळ आटोपतो.

मग पाण्याचा खेळ सुरू होतो. नगर जिल्हा म्हटलं की दुष्काळ आठवतो; नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आणि रतनवाडीत चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. कोकणातून वर येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात आणि पहिलं ओझं इथेच टाकतात. जुलैत धरणाचा आकडा रोज वर सरकू लागतो. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरणार की नाही, यावर लाभक्षेत्रात पारावर पैजा लागाव्यात इतकी चर्चा होते.

या दिवसांत करण्याजोगी गोष्ट म्हणजे धरणाची प्रदक्षिणा. शेंडीतून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी, हा चाळीसेक किलोमीटरचा फेरा आहे. त्याला पूर्ण दिवस द्यावा. उजव्या-डाव्या हाताला धबधबे मोजणं थोड्या वेळात सोडून द्यावं लागतं. भाताच्या खाचरांत आवणी चालू असते, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन माणसं ओळीने वाकलेली असतात. बांधावर उतरून त्यांचे फोटो काढण्याची खोड आपल्याकडे फार आहे. बांध निसटतो, आणि त्यांच्या कामाचा खोळंबा होतो तो वेगळाच. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसेलच याची खात्री नाही. बहुतेक वेळा पांढरं धुकं दिसतं. पण वारा खालून वर येतो आणि त्याच्याबरोबर पाऊसही, तोंडावर. तो अनुभव छत्रीत घेता येत नाही, रेनकोट हवा.

आता दोन प्रसिद्ध धबधब्यांबद्दल, कारण त्यांच्यापायी सगळ्यांत जास्त निराशा होते. भिंतीच्या पायथ्याशी असलेला अम्ब्रेला फॉल हा निसर्गाचा धबधबा नाही. भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडलं की ते पुढे आलेल्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरून खाली येतं. मोरी बंद असेल तर तिथे नुसता काळा खडक. रंधा धबधब्याचंही थोडं तसंच आहे. तिथे प्रवरा साधारण १७० फूट खोल घळीत उडी घेते, काठावर घोरपडादेवीचं देऊळ आहे, सगळी मांडणी देखणी आहे. पण नदीत किती पाणी उतरतं हे वर धरणातून विसर्ग किती चालू आहे आणि त्यातलं किती वीजनिर्मितीकडे वळवलं आहे यावर ठरतं. म्हणून धो धो पाऊस कोसळत असताना, पण धरण भरायचं बाकी असताना रंधा सुस्त दिसू शकतो. आणि धरण भरून सांडव्याचे दरवाजे उघडले की ऊन पडलेलं असतानाही रौद्र होतो. ‘इतके क्यूसेकने विसर्ग सुरू’ अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघावं. विसर्ग वाढवण्याआधी नदीकाठी सावधानतेचा इशारा देतात. तो गावकऱ्यांइतकाच आपल्यालाही असतो. कठड्यापलीकडचे खडक शेवाळलेले असतात आणि त्या घळीतून माणूस वर काढणं सोपं नाही.

धरण काठोकाठ भरलं की सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझ्या मते इथला सर्वांत चांगला काळ. पाऊस उघडझाप करतो, गर्दी निम्म्यावर येते, आणि पाणी थेट झाडांच्या बुंध्यांशी टेकलेलं असतं. शेंडीहून रतनवाडीकडे बोटीने जायचं ते आत्ताच. वारा पडलेला असेल तर सकाळी लवकर निघावं. डावीकडे-उजवीकडे डोंगर पाण्यात उतरलेले, समोर रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा नावाचा सुळका. लाइफ जॅकेट मागून घ्यावं. ‘काही होत नाही साहेब’ असं उत्तर आलं तर बोट बदलावी.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. गावात त्याला हेमाडपंती म्हणतात, जसं महाराष्ट्रात प्रत्येक जुन्या दगडी देवळाला म्हणतात. पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, आणि हे देऊळ त्याच्याही आधीचं आहे. बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवमंदिरं बांधणाऱ्या शिलाहार राजा झंझ याच्याशी परंपरा त्याचं नातं जोडते, आणि प्रवरेचा उगम रतनगडावर म्हणजे अगदी डोक्यावरच आहे. शिखरापासून खांबांपर्यंत कोरीव काम आहे. ते पाहायला सकाळचं तिरपं ऊन चांगलं, कारण दुपारी सगळं सपाट दिसतं. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. देवळाजवळची पुष्करणी बहुतेक लोक घाईत सोडून देतात, ते करू नये. तिच्या भिंतीतल्या देवकोष्ठांतल्या मूर्ती निवांत पाहण्यासारख्या आहेत.

देवळामागून रतनगडाची वाट निघते. जंगलातून चढ, मग लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा. वर गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत, राणीचा हुडा नावाचा बुरूज आहे, आणि सर्वांत वर नेढं: कातळाला आरपार पडलेलं भोक, ज्यात दहा-पंधरा माणसं सहज बसतील आणि वाऱ्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. तिथून एका बाजूला अख्खा जलाशय, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंगची रांग आणि कळसूबाई. सप्टेंबरअखेरीस गडावर सोनकी फुललेली असते, तेव्हा गेलात तर चढण्याचे कष्ट आठवत नाहीत. पायात सवयीचे बूट, सोबत प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि उतरायला पुरेसा उजेड हाताशी ठेवून निघावं. शिड्यांवर शनिवार-रविवारी रांग लागते, ती वेळही हिशेबात धरावी.

नोव्हेंबरनंतर हवा कोरडी होते आणि चढाईचे दिवस येतात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. पायथ्याचं गाव बारी. वाट ठळक आहे, अवघड टप्प्यांवर शिड्या आहेत, आणि सवय असलेल्याला माथा गाठायला तीन तास पुरतात. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतून लोक दर्शनाला चढतात. देवीची कथा अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे फार झाले आणि तिला ती कामं करायला लावली. ती घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. केर न काढण्याची अट घालणाऱ्या देवीच्या दारात आपण वेफर्सची पाकिटं टाकून येतो, याला काय म्हणावं?

साम्रदची सांदण दरी हा याच मोसमातला दुसरा बेत. जमिनीला पडलेली उभी भेग म्हणावी अशी ही घळ दीड-दोन किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना दीड-दोनशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागतो. सुरुवातीलाच दोन पाणसाठे लागतात. थंडीत ते कमरेपर्यंत असतात आणि पाणी बर्फासारखं गार. उन्हाळ्यात घोट्यापर्यंत येतात. पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परतणं लहान मुलांसह जमतं. पुढे दोर लावून खाली कोकणाच्या दिशेने उतरायचं असेल तर अनुभवी लोकांबरोबरच जावं, कारण एकदा दोर ओढून घेतला की परतीची वाट ती राहत नाही. पावसाळ्यात मात्र इथे पाऊलही टाकू नये. घळ म्हणजे पाण्याचा रस्ताच; वर कुठेतरी सर कोसळली की खाली लोंढा येतो, आणि पळायला बाजूला जागा नसते.

घाटघरला हिवाळ्यात पुन्हा एकदा जावं, या खेपेला विजेसाठी. इथल्या छोट्या धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून चारशे मीटरहून अधिक खाली, कोकणात शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याच्या बाजूच्या जलाशयात सोडतात आणि भूमिगत वीजघरात २५० मेगावॅट वीज तयार होते. ही वीज मागणी जास्त असते त्या तासांसाठी. मागणी घटली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवतात. चढवायला वीज जास्त लागते आणि मिळते कमी, तरी व्यवहार परवडतो, कारण खर्च होते ती स्वस्त वेळची आणि मिळते ती नेमक्या गरजेच्या वेळची. वीजघरात पर्यटकांना जाता येत नाही. पण सातवी-आठवीतलं मूल सोबत असेल तर कड्यावर उभं राहून त्याला हे सांगावं. पुस्तकातली ‘स्थितिज ऊर्जा’ तिथे नजरेनेच मोजता येते.

काठावरच्या तंबूंविषयी काही सांगितलं नाही तर लेख अर्धा राहील. ऑक्टोबर ते मार्च पाण्याच्या कडेने रांगेने तंबू लागतात. आकाश निरभ्र, थंडी कडक, शहराचा उजेड दूर. मृग नक्षत्र आणि कृत्तिका साध्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतात. स्पीकर लावणाऱ्या ठिकाणी उतरलात तर यातलं काही मिळणार नाही. बुकिंग करताना ‘रात्री म्युझिक असतं का?’ असं विचारावं आणि ‘हो, असतं ना’ असं उत्साहाने उत्तर आलं की फोन ठेवावा. त्यापेक्षा पांजरे, उडदावणे, रतनवाडीत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी कुटुंबं आहेत. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, सांगून ठेवलं तर गावठी कोंबडी. तांदूळ कुठला आहे हे जरूर विचारावं. काळभात, जिरवेल, रायभोग ही या भागातली जुनी वाणं आहेत, आणि ती टिकली याचं बरंचसं श्रेय याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे जातं. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं. घरचा तांदूळ विकत मिळाला तर किलो-दोन किलो घ्यावा, भाव करू नये.

हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे इथलेच, देवगावचे. त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षांनी याच लोकांच्या भातखाचरांवर पाणी चढलं आणि ते खालच्या मुलखाच्या उसाला गेलं. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, प्रवराकाठ बागायती झाला. आणि धरणाच्या काठावरच्या काही वाड्यांत बाया उन्हाळ्यात पाण्यासाठी आजही पायपीट करतात. तंबूवाल्याकडे दोन बादल्या गरम पाणी मागताना हे ठाऊक असलेलं बरं.

रब्बीचं आवर्तन सुटलं की जलाशय उतरू लागतो, उन्हाळी आवर्तनात आणखी. बोटीचा धक्का खाली सरकतो, काठावर चिखलाचा आणि मग भेगाळलेल्या मातीचा पट्टा रुंद होत जातो. मार्च ते मेचा मध्य इथे फारसं कुणी येत नाही, आणि खोल्या स्वस्त असतात. दुपारी चार तास सावलीत पडून राहायची तयारी असेल तर या दिवसांतही करण्यासारखं आहे. पहाटे पाण्याच्या उतरत्या काठाने पक्षी पाहत चालावं. राजूरला जाऊन पेढे घ्यावेत. हे पेढे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत आणि मुंबईपर्यंत टिकतात. पुढे अकोल्याला प्रवरेकाठचा अगस्ती आश्रम आहे. हिरड्याच्या झाडांखाली बाया-माणसं बाळहिरडा गोळा करताना दिसतील. कोवळी फळं वाळवून व्यापाऱ्याला विकायची, त्यावर या घरांची पावसाआधीची बेगमी होते.

येण्याचे रस्ते दोन. मुंबईकर इगतपुरी-घोटीवरून बारीमार्गे शेंडीत उतरतात, इगतपुरीपासून सुमारे ४५ किलोमीटर. पुणेकर संगमनेर-अकोले-राजूर असे येतात. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्यावं, रोख पैसे जवळ ठेवावेत, आणि प्रदक्षिणेच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नये. जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांत आणि काजव्यांच्या शनिवारी गर्दी आवरायला हा रस्ता अनेकदा एकेरी करतात. कुठल्या बाजूने सोडतायत ते शेंडीच्या चौकात विचारावं, नाहीतर रतनवाडीत जेवण सांगून ठेवायचं आणि पोलीस उडदावण्याकडे वळवायचे.